एकसष्टीची भेट आणि विकतचं दुखणं

पत्र:
डॉक्टर, माझं माहेर सोलापूरचं, नोकरीमुळे मी पुण्यात. पुढच्या महिन्यात बाबांची एकसष्टी आहे. ते आयुष्यभर पॉवरलूमवर होते. पस्तीस वर्षं रोज वीसेक बिड्या ओढल्या, चार वर्षांपूर्वी माझा मुलगा झाला तेव्हा सोडल्या. १९९८ साली त्यांना टीबी झाला होता, औषधांचा कोर्स पूर्ण केला. यंदा त्यांच्याच लूमवरच्या मित्राला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही शेवटच्या स्टेजला. तेव्हापासून मला झोप नाही. मागे आईबाबा इकडे आले होते तेव्हा सोसायटीतल्या शिबिरात बाबांच्या छातीचा फोटो काढला. 'जुना डाग आहे, बाकी क्लिअर' म्हणाले. आता एका सेंटरच्या पॅकेजमध्ये फुप्फुसांचा लो डोस सीटी आणि कॅन्सरच्या रक्ततपासण्या आहेत. एकसष्टीची भेट म्हणून बाबांचं, आईचं आणि माझंही बुकिंग करावं असं मनात आहे. बाबा म्हणतात, "मला काय धाड भरलीय? सकाळची ढास तर जुनीच आहे. आणि निघालंच काही तरी मी कापाकापी करून घेणार नाही." भाऊ ३८ वर्षांचा, स्वतः दिवसाला दहा सिगारेटी ओढतो, तो म्हणतो, "कशाला विकतचं दुखणं?" आईनं कधी बिडीला हात लावला नाही, पण बरीच वर्षं चुलीवर स्वयंपाक केलाय आणि मिश्री अजून चालू आहे. करू का बुकिंग?
— एक लेक, पुणे

नमस्कार ताई,

'विकतचं दुखणं' हा तुमच्या भावाचा शब्द मी टिपून ठेवला आहे. पुढच्या वेळी कुणी पॅकेजचं माहितीपत्रक घेऊन समोर बसलं की वापरीन म्हणते. तुम्ही तिघांचं बुकिंग करायला निघालात. त्यातल्या दोघींच्या बाबतीत भावाचं म्हणणं खरं आहे. बाबांच्या बाबतीत नाही. आणि ज्याला सगळ्यात जास्त मिळण्यासारखं आहे, त्याचं नाव तुमच्या यादीतच नाही. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी ती ढास. पत्रात ती एका ओळीत उरकली आहे, आणि छातीची डॉक्टर असल्यामुळे मी नेमकी तिथंच अडकले. बिडी ओढणाऱ्याला सकाळची ढास इतकी अंगवळणी पडलेली असते की तो तिला खोकला म्हणतच नाही. पण बिडी सुटली की ती ढास सहसा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कमी होते. बाबांनी सोडून चार वर्षं झाली. मग अजून ढास कसली? बहुतेक वेळा उत्तर कॅन्सर हे नसतं. श्वासनळ्या कायमच्या खराब झालेल्या असतात, किंवा जुन्या टीबीनं फुप्फुसाचा एखादा भाग ओला राहिलेला असतो. पण उत्तर शोधायला हवं. त्यासाठी नळीत जोरात फुंकायची तपासणी असते, स्पायरोमेट्री. ती पॅकेजमध्ये आहे का बघा. माझा अंदाज आहे, नसेल.

आता आईला बाजूला घेऊन विचारा. बाबांना नको, ते तुम्हाला काही सांगणार नाहीत. ढास गेल्या दोन-तीन महिन्यांत बदलली का? पूर्वी चहा झाला की थांबायची, आता रात्रीही उठवते का? कफात कधी रक्ताची रेघ दिसली? आवाज बसलाय आणि तीन आठवडे झाले तरी सुटला नाही, असं काही? पायजमा सैल व्हायला लागलाय? एकच खांदा किंवा छातीची एकच बाजू सारखी दुखते? बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली आहेत? यातल्या एकाही प्रश्नाला आई 'हो' म्हणाली तर पॅकेज विसरा आणि याच आठवड्यात बाबांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या. एकदा टीबी होऊन गेलेल्या माणसाची थुंकी तर लगेच तपासायला हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात.

हे इतकं ताणून सांगते आहे, कारण स्क्रीनिंग, म्हणजे चाळणी, ही ज्याला काहीच त्रास नाही अशा माणसासाठी असते. त्रास असलेल्या माणसाला चाळणी नको, निदान हवं. त्याचा सीटी वेगळ्या पद्धतीनं, बहुधा शिरेतून औषध देऊन करतात, थुंकी बघतात, गरज पडली तर दुर्बीण घालतात. पॅकेजचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून चार महिने खोकला अंगावर काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

इथून पुढचं सगळं, आईची उत्तरं 'नाही' आली असं धरून.

शिबिरातल्या फोटोवर विसंबू नका. साधा एक्स-रे वाईट नाही, पण या कामाचा तो नाही. फासळ्या, गळपट्टीचं हाड, हृदय यांच्या सावलीत सेंटिमीटरभराची गाठ सहज लपते. आणि नुसती लपते एवढंच नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकनं १९७० च्या दशकात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे दर चार महिन्यांनी फोटो काढले, थुंकीही तपासली. कॅन्सर जास्त सापडले, मरणारे कमी झाले नाहीत. पुढे तिथंच १,५४,९०१ लोकांचा मोठा अभ्यास झाला, २०११ साली निकाल आला: दर वर्षी फोटो काढलेल्यांत आणि न काढलेल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरणाऱ्यांचं प्रमाण सारखंच.

लवकर सापडूनही माणूस वाचत नाही, हे कसं? तुम्ही सोलापूर-पुणे गाडीनं जाता, तुम्हाला चटकन समजेल. पुण्याकडे येणारी गाडी मला कुर्डुवाडीला दिसली काय नि दौंडला दिसली काय, ती पुण्याला पोचायची वेळ तीच. कुर्डुवाडीपासून बघितली तर मी जास्त वेळ बघत बसले, इतकंच. 'आमच्याकडे लवकर निदान झालेले पेशंट जास्त वर्षं जगतात' ही जाहिरात वाचलीत की कुर्डुवाडी आठवा. तपासणीचा उपयोग झाला असं कधी म्हणायचं, तर तिच्यामुळे गाडी वाटेत थांबवता आली तर.

लो डोस सीटीनं, म्हणजे कमी किरणांत काढलेल्या सीटी स्कॅननं, ती थांबवता येते, हे सिद्ध झालं आहे. त्याच २०११ मध्ये, अमेरिकेतल्याच दुसऱ्या अभ्यासात. ३३ केंद्रं, ५३,४५४ माणसं, वय ५५ ते ७४, सगळे जबर धूम्रपान करणारे किंवा पंधरा वर्षांच्या आत सोडलेले. निम्म्यांचा तीन वर्षं दर वर्षी लो डोस सीटी केला, निम्म्यांचा साधा फोटो. सीटीवाल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी घटले. २०२० साली नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या अभ्यासात पुरुषांमध्ये दहा वर्षांत २४ टक्के घट दिसली. म्हणजे योगायोग नव्हता.

पण टक्केवारीवर कुणाचाच अंदाज बसत नाही, माझाही नाही. त्यापेक्षा एक मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा, त्यात हजार माणसं, सगळी बाबांसारखी. फोटोवाल्या हजारांपैकी साडेसहा वर्षांत २१ जण या कॅन्सरनं गेले. सीटीवाल्या हजारांपैकी १८. तीन माणसं वाचली. 'तीनच?' असं मनात येईल. त्या तिघांच्या घरी कुणी तसं म्हणणार नाही. पण त्याच सीटीवाल्या हजारांपैकी ३६५ जणांना कधी ना कधी 'काहीतरी दिसतंय' असं ऐकावं लागलं, आणि तो कॅन्सर नव्हताच. त्यातल्या २५ जणांना विनाकारण सुई, दुर्बीण किंवा ऑपरेशन सोसावं लागलं, तिघांना त्यातून मोठी गुंतागुंत झाली. भाऊ ज्याला विकतचं दुखणं म्हणतो ते हे. त्याच्या तोंडी ते आळसातून आलं असेल, पण ते खोटं नाही.

आता बाबा त्या कार्यालयात बसतात का? अमेरिकेत २०२१ पासूनचा निकष असा: वय ५० ते ८०, निदान २० पॅक-वर्षं, आणि धूम्रपान चालू किंवा पंधरा वर्षांच्या आत सोडलेलं. वीस सिगारेटींचं एक पाकीट रोज, वर्षभर, हे झालं एक पॅक-वर्ष. बिडीचं काय? आपल्याकडे ओपीडीत सोपा हिशेब चालतो. रोजच्या बिड्या गुणिले वर्षं. बाबांचे वीस गुणिले पस्तीस, म्हणजे ७००. तीनशेच्या वर गेलं की आम्ही जबर म्हणतो.

"बिडीत तंबाखू ती किती चिमूटभर" असं लूमवर कुणीतरी म्हणतंच. तंबाखू कमी असते हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं भराभर जळत नाही, बिडी विझू नये म्हणून सारखे आणि खोल झुरके घ्यावे लागतात, आणि धुरातून डांबर, निकोटीन, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, उलट जास्तच. त्यामुळे मी बिडीला कुठलीही सूट देत नाही, वीस बिड्या म्हणजे एक पाकीटच धरते; बाबांची पस्तीस पॅक-वर्षं झाली. बाबा निकषात बसतात, काठावर नाही, चांगले आत.

मग सरकार का करत नाही, असं विचाराल. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची चाळणी आहे. फुप्फुस त्यात नाही. यंत्रं आणि ती वाचणारी माणसं अपुरी, हे एक कारण. दुसरं कारण बाबांच्याच छातीत बसलं आहे: टीबी.

जगातल्या टीबी रुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे. टीबी बरा होतो, व्रण मागे राहतो. सीटी इतका बारीक बघतो की त्याला प्रत्येक व्रण दिसतो, आणि प्रत्येक व्रणाच्या कपाळावर 'मी जुना आहे' असं लिहिलेलं नसतं. अमेरिकेतही पहिल्या झटक्याला संशयास्पद ठरलेल्या शंभर रिपोर्टांपैकी ९६ शेवटी काहीच निघाले नाहीत, आणि तिथं टीबी जवळपास नाही. सोलापूरच्या साठीच्या माणसाच्या छातीत काय काय दिसेल याचा विचार करा. पेट स्कॅन (कुठल्या पेशी जोरात काम करताहेत ते चमकवून दाखवणारा स्कॅन) करून सोक्षमोक्ष लावू म्हणाल, तर जागता टीबीही पेटवर कॅन्सरसारखाच चमकतो.

माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर यायचे. मुलानं हौसेनं सीटी केला, उजव्या फुप्फुसात सात मिलिमीटरची गाठ दिसली. पुढची दोन वर्षं ती सातचीच राहिली. पण त्या दोन वर्षांत माणूस निम्मा झाला. पुतणीच्या लग्नाला गेले नाहीत, शेत वाटून टाकलं, दर भेटीला विचारायचे, "किती दिवस?" शेवटी तो टीबीचा व्रणच निघाला. आणि उलटंही सांगते, कारण फक्त हीच गोष्ट सांगितली तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. एका शाळेतल्या क्लार्कच्या फुप्फुसात वरच्या भागात नऊ मिलिमीटरची गाठ होती, तीन महिन्यांनी बारा झाली. छोट्या छिद्रांतून तेवढा भाग काढला. सात वर्षं झाली, दर आषाढीला वारीतला फोटो पाठवतात.

टीबीचा दुसरा फास उलट्या दिशेनं बसतो. फोटोत वरच्या बाजूला डाग दिसला, माणूस खोकतोय, वजन उतरलंय, की आपण टीबी म्हणून मोकळे होतो. उमेदीच्या काळात मीही झाले होते. एका शिक्षकांची थुंकी निगेटिव्ह होती, तरी मी टीबीची औषधं सुरू केली आणि तीन महिने गुण यायची वाट पाहिली. तो कॅन्सर होता. त्या तीन महिन्यांचं उत्तर त्यांच्या बायकोला मला देता आलं नाही. म्हणून शिबिरातल्या 'जुना डाग' या शब्दांवर माझा एकच प्रश्न आहे: जुना, हे कशावरून? त्यांनी जुना फोटो बघितला होता का?

हे काम तुम्हाला पॅकेजपेक्षा स्वस्तात करता येईल. सोलापूरच्या घरी माळ्यावर ट्रंक असेलच. त्यात १९९८ ची एक्स-रेची फिल्म, खाकी पाकीट, टीबीचं कार्ड, काहीही सापडतं का बघा. मला सीटीपेक्षा त्या फिल्मची उत्सुकता जास्त आहे. भरीव गाठ दोन वर्षं तसूभर वाढली नाही, तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी धरतात; १९९८ सालीही तोच डाग तिथंच, तेवढाच होता असं दिसलं तर त्या डागाचा विषयच मिटला. लोक मुलांच्या बारशाच्या पत्रिका जपून ठेवतात आणि एक्स-रे दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकतात. काही घरांत त्याच फिल्मनं सूर्यग्रहणही बघितलेलं असतं. तेही करू नये, डोळ्याला धोका आहे.

आता सीटी करायचाच ठरला तर सेंटरला फोन करून चार गोष्टी विचारा. खरोखर लो डोस आहे का? लो डोसमध्ये साधारण दीड मिलिसिव्हर्ट किरणं लागतात, निसर्गातून वर्षभरात आपल्याला जेवढी मिळतात त्याच्या निम्म्याच्या आसपास. नेहमीच्या छातीच्या सीटीत त्याच्या चार-पाच पट. यंत्र तेच असतं, सेटिंग वेगळं, आणि सांगितलं नाही तर नेहमीचंच लागतं. दुसरं, रिपोर्टमध्ये लंग-रॅड्सची श्रेणी, म्हणजे संशय किती ते सांगणारा ठरलेला आकडा, देणार का? १ किंवा २ असेल तर वर्षानं परत, ३ असेल तर सहा महिन्यांनी, ४ए असेल तर बहुधा तीन महिन्यांनी, ४बी असेल तर लगेच पुढचा तपास. श्रेणी नसली की रिपोर्टवर नुसतं 'क्लिनिकली तपासून बघा' असं मोघम वाक्य येतं आणि घरात रडारड होते. तिसरं, बाबांना टीबी होऊन गेलाय हे त्यांच्या फॉर्मवर लिहायला जागा आहे का? नसेल तर ठळक अक्षरात स्वतः लिहा. चौथं, काही दिसलं तर पुढे कोण बघणार? "आमचे तज्ज्ञ फोन करतील" हे उत्तर नाही. कुठल्या दवाखान्यात, कोण, हे उत्तर.

आणि एक हिशेब आधीच धरा. ही तपासणी एकदा करून भागत नाही. ज्या अभ्यासांतून फायदा दिसला त्यांत ती पुन:पुन्हा केलेली होती. यंदा नॉर्मल आला म्हणून पुढची दहा वर्षं निश्चिंत, असं नाही. एकसष्टीला करायची तर बासष्टीलाही करायची.

इथंच मला तुमच्या 'भेट' या शब्दाशी भांडायचं आहे. भेटीला माणूस नाही म्हणू शकत नाही. लेकीनं साडी आणली, धोतरजोडी आणली, नाही आवडली तरी नेसतात. बाबा स्पष्ट म्हणालेत की काही निघालं तरी ऑपरेशन नाही. ते जर खरं असेल तर हा सीटी करूच नका. उपाय करायचाच नसेल तर नुसतं कुर्डुवाडीपासून गाडी बघत बसण्यात काय अर्थ?

पण ते खरं आहे का, हे अजून कुणी नीट विचारलेलं नाही, असं मला वाटतं. त्यांनी नुकताच मित्र पाहिलाय, शेवटच्या स्टेजचा. 'कापाकापी' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर तो येत असणार. त्यांना सांगा की सुरुवातीच्या गाठीचं ऑपरेशन आता पुष्कळदा दोन-तीन छोट्या छिद्रांतून होतं, आणि ज्याला ते झेपत नाही त्याला नेमक्या जागेवर किरणं देता येतात. हेही सांगा की हजारात ३६५ वेळा खोटी घंटा वाजते. दोन्ही सांगा, एकच सांगू नका. मग ठरवू द्या त्यांना. तुम्ही फोनवरून नको, सोलापूरला जाऊन, जेवणं झाल्यावर, भाऊ समोर असताना. त्याआधी स्पायरोमेट्री करून घ्या. दोन जिने चढताना त्यांना किती वेळा थांबावं लागतं तेही बघा. फुप्फुसात आणि हृदयात उपचार सोसायची ताकदच नसेल तर चाळणीचा प्रश्न उरत नाही.

मला विचाराल तर, साठीचा माणूस, ७०० चा हिशेब, चालता-फिरता, आणि 'निघालं तर उपाय करीन' म्हणणारा, अशा माणसाचा लो डोस सीटी मी करते. पॅकेजमधून नाही, ओपीडीतून, जुनी फिल्म हातात घेऊन.

पॅकेजमधल्या 'कॅन्सरच्या रक्ततपासण्या' सोडून द्या. त्यात बहुधा सीईए असेल, काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन. तो नुसत्या धूम्रपानानंही वाढतो, आणि कॅन्सर असूनही नॉर्मल असू शकतो. निदान झालेल्या काही पेशंटांवर लक्ष ठेवायला तो उपयोगी, शोधायला नाही.

आईला सीटी नको. चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब होतात आणि त्याचा कॅन्सरशीही संबंध जोडला जातो, पण चुलीसाठी सीटीचा फायदा दाखवणारा निकष हातात नाही. आईचा धोका तोंडात आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात घासायला असते, ही आपल्या बायकांनी स्वतःची घातलेली समजूत आहे. आरोग्य केंद्रात तोंड तपासायला बॅटरी आणि दोन मिनिटं लागतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अशी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, २००५ साली निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं घटले. आईच्या गालात आतून पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही आहे का बघा. त्याच फेरीत स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी होईल. तिथं तुम्हीही आईबरोबर आत जा. तुमचं वय पत्रात नाही, पण तीस उलटली असेल तर ती तपासणी तुमचीही आहे.

तुमच्या फुप्फुसांचं म्हणाल तर बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो, बायकांनाही होतो, आणि आपल्याकडे असे पेशंट बरेच येतात. तैवाननं तर न ओढणाऱ्या पण घरात हा कॅन्सर झालेल्यांसाठीही तपासणी सुरू केली आहे. पण तुमच्या घरात तो झालेला नाही, बाबांच्या मित्राला झालाय. घाबरलेल्या माणसाला सीटी दिला की भीती जाते असा माझा अनुभव नाही. कंडक्टरकाकांचं वर सांगितलंच.

राहिला भाऊ. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास आहे. त्यात दिसलं ते असं: आयुष्यभर सिगारेट ओढणारा न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातो. साठीत सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. भाऊ ३८ चा आहे. हजारांत तीन वाचवणाऱ्या यंत्राबद्दल आपण इतका वेळ बोलतोय आणि नऊ वर्षं परत मिळणारा माणूस अंगणात उभा राहून सिगारेट पेटवतोय. त्याला भाषण देऊ नका, बाबांनी कशी सोडली ते बाबांना सांगू दे. बिडीवाल्याचं सिगारेटवाला ऐकतो. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय फुकट फोन आहे. निकोटीनचा च्युइंगम, गोळ्या हेही आहे, आणि पहिल्या खेपेला नाही जमलं तर दुसऱ्या खेपेला जमतं.

एकसष्टीला बाबांना काय द्यायचं ते तुम्ही मला विचारलेलं नाही, म्हणून सांगत नाही. फक्त माळ्यावर चढाल तेव्हा एक: फिल्म सापडली तर ओल्या फडक्यानं पुसू नका. दोन फिल्म एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका. तशाच पाकिटात घाला आणि घेऊन जा.